दुसरी दुर्बीण

मळा, भिंगारच्या पुढे
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. सौ. लंका हिला साळूवहिनीचा आशीर्वाद. अजिनाथरावांना नमस्कार सांग. तुझ्या सुनेला, सुकन्येला, आशीर्वाद दे आणि हेही सांग की मोबाईलमध्ये माझा नंबर बंद करून ठेवला तरी पोस्ट अजून तिच्या हातात आलेलं नाही. पत्र बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. कुणी मेलेलं नाही. मेलं असतं तर पत्र कशाला, गावाच्या ग्रुपवर फुलं लावलेला फोटो आला असता आणि तुझ्याआधी तो सुकन्येनंच बघितला असता. वर नुसतं भिंगार लिहिलंय, जिल्हा लिहिला नाही (आता अहिल्यानगर लिहायचं असतं, माझ्या हातून नगरच लिहिलं जातं, म्हणून जागाच सोडली). मी चौथीपर्यंत शिकले हे तुला ठाऊक आहे, तेव्हा काना-वेलांटी तुझी तू लाव. तू सातवी झालेली, तेवढं जमेल.

इकडं सगळं बरं आहे. माझा उजवा गुडघा पायरी चढताना कुरकुरतो आणि उतरताना शिव्या देतो. म्हैस आटली. काकासाहेबाची शुगर वाढली, तरी तुझा भाचा चहात साखर चोरून घालतो आणि चमचा न वाजवता ढवळतो, म्हणजे आईला कळायचं नाही. तुझी पाठ कशी आहे? कर्जतच्या बाजूला यंदा थंडी लवकर पडली असं बातम्यांत सांगत होते. रेहेकुरीची काळवीटं या वर्षीही तुझ्या हरभऱ्यात उतरलीच असतील आणि तू डबा बडवत बांधावर उभी असशील. तर ऐक, तुझ्या रानात जी जनावरं फुकट येतात आणि तुला नको असतात, तसली जनावरं बघायला मी जहाजातून समुद्रात चालले आहे. हस. मीही हसले होते.

हे जहाजाचं काय ते नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील म्हातारीचं डोकं फिरलं. काकासाहेबाची निकिता मुंबईला तिकिटांच्या हपिसात लागली हे तुला माहीत आहे. तिथल्या लोकांना जहाजाची तिकिटं निम्म्या पैशात मिळतात. तुझा भाऊ होता तेव्हाच तिनं दोन काढली होती, एक आजीचं, एक आजोबांचं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप का कायसं बेट आहे तिथवर जायचं आणि परत. वाटेत डॉल्फिन दिसतात, उडणारे मासे दिसतात, कासवं दिसतात, आणि नशिबात असला तर देवमासा. तुझ्या भावानं ते देवमाशाचं तेवढं ऐकलं आणि बाकीचं सोडून दिलं. रोज सकाळी मला विचारायचा, किती मोठा असेल गं? मी म्हणायचे, तुमच्या आळसाएवढा. मग तो गेला, तिकिटं तशीच राहिली. निकितानं कुणाकुणाच्या हातापाया पडून ती एका वर्षानं पुढं ढकलून घेतली. आता माघात निघायचं आहे, याच्यापुढं ढकलता येत नाही. पोरीनं सोबत कंपनीचा एक कागद पाठवला, येताना काय काय आणायचं त्याचा. टोपी, पायाला न घसरणाऱ्या चपला, उन्हाचं मलम, उलटीच्या गोळ्या, आणि शेवटी, दुर्बीण.

आता हा शब्द वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. थांब. पत्र फाडू नकोस. आधी गंमतीचं सांगते.

गेल्या सोमवारी गिरणीवर दळण घेऊन गेले. गिरणी चालू, कानाला दडे, आणि भीमाबाई विचारते, साळूबाई, कुठं निघालीस एवढं चांगलं पातळ नेसून? मी ओरडून सांगितलं, भिंगारला चाललेय, दुर्बीण घ्यायचीय. गिरणीच्या आवाजात तिनं काय ऐकलं असेल? दुर्बीण घालायचीय. संध्याकाळपर्यंत वस्तीवर माणसं. कुणी केळी आणली, कुणी शहाळं, एकजण तर पोटाला लावायचा अंगारा घेऊन आली. मला कुणी विचारतच नव्हतं, सगळ्या जणी माझ्याकडं बघून मान हलवायच्या आणि आपसात बोलायच्या, "व्हय बाई, त्याच घरात दुसरी दुर्बीण." तीन वर्षांपूर्वी नेलेली माझी पुरणाची चाळण त्या दिवशी परत आली (घेणाऱ्या बाईचं नाव लिहीत नाही, पण माझा काही नेम नाही असं वाटल्याशिवाय तिला चाळणीची आठवण झाली नसती हे खरं). आणि गावची आशाताई रेश्मा, ती वही घेऊनच आली. म्हणाली, "आजी, या वयात दुर्बिणीचं ऑपरेशन कशाला? तुमचा पाळणा बंद होऊन तीस वरसं झाली की." मी म्हणाले, बाई, पोटावरची नव्हे, डोळ्यावरची. तर म्हणते, मोतीबिंदूचं शिबिर पुढच्या महिन्यात आहे. शेवटी मी केळी ठेवून घेतली आणि सगळ्यांना उठवलं. आपल्या माणसांना दुर्बीण म्हटली की दवाखानाच आठवतो, त्यात त्यांची तरी काय चूक. मलाही तोच आठवतो.

निकितानं आधी मोबाईलवरून एक स्वस्तातली मागवून दिली होती. लाल रंगाची, वजनाला पाव किलो वांग्याएवढी, रबराचा असा वास की शेळी दोन दिवस जवळ आली नाही. काकासाहेबानं डोळ्याला लावली आणि म्हणाला, आई, मला दोन शेळ्या दिसतायत. मी लावली तर मला एकच दिसली, पण ओल्या धोतराआडून बघितल्यासारखी. ती मी माघारी पाठवून दिली. मग कापडबाजारात एका चष्मेवाल्याकडं गेले, त्यानं काचेच्या कपाटातून एक काढली, मखमलीच्या पिशवीतून, नवरीच्या दागिन्यासारखी, आणि जी किंमत सांगितली तेवढ्यात मला डॉक्टरचं बिल भागवून वर एक गाय आली असती. मी त्याला म्हणाले, दादा, मला मासा बघायचाय, मासा विकत घ्यायचा नाही.

शेवटी भिंगारच्या जुन्या बाजारात गोरक्षनाथचं दुकान सापडलं. हा पलटणीतून रिटायर झालेला माणूस, भरतीच्या पोरांना बूट, शिट्ट्या, रेनकोट विकतो. मी म्हणाले, दुर्बीण दाखव, परवडेल अशी, जहाजावर न्यायची. तो हसला नाही. पहिला माणूस जो हसला नाही. त्यानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आठ बेचाळीस घेता का दहा पन्नास?" मला वाटलं एसटीची वेळ सांगतोय. मी म्हणाले, लवकरची चालेल. मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पटीनं जवळ दिसते, आणि दुसरा म्हणजे पुढची काच केवढी, जेवढी काच मोठी तेवढा उजेड जास्त आणि मानेला ओझंही जास्त. माणसं दुकानात येतात आणि म्हणतात सगळ्यात जवळ दाखवणारी द्या. तिथंच फसतात. जहाज हलतं, आपला हात हलतो, आणि दहापट जवळ आणलं की हलणंही दहापट होतं, मग मासा राहतो बाजूला आणि माणसाला उलटी होते. म्हणून पाण्यावर सातपट नाहीतर आठपट, त्याच्यावर जायचं नाही. आत वाफ धरणार नाही अशी घ्यायची, खाऱ्या वाऱ्यात साधी काच दोन दिवसांत धुरकटते. आणि चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर मुडपायचं. माणूस शहाणा. (मी त्याला म्हणाले, आठपट तरी कशाला, माझी निम्मी भावकी आहे तेवढ्यावरूनच डोकं दुखवते. तेव्हा मात्र तो हसला.)

नवी घ्यायची म्हटलं तर परवडत नव्हतीच. त्यानं आतून एक जुनी आणली, बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबाची, आठ बेचाळीस, एका बाजूचा रंग गेलेला, पट्टा मोच्याकडून शिवलेला, पण काच स्वच्छ. म्हणाला, बाहेर बघा, मधली घडी उघडझाप करा, दोन गोल दिसतील, ते सरकवत सरकवत एकच गोल झाला पाहिजे. मी डोळ्याला लावली आणि लगेच सांगितलं, एकच आहे. तो म्हणाला, आजी, भरतीच्या पोरांना एवढं जमायला दोन दिवस लागतात! मी फुशारून बसले. कँपाच्या पाण्याच्या टाकीवर एक घार बसली होती, तिची मान, मानेवरची पिसं, तिनं डोळा मिटला तेसुद्धा दिसलं. मग मी दुर्बीण हळूहळू पलटणीच्या गोळीबाराच्या रेंजच्या रस्त्याकडं नेली. तिथली बाभूळ बघायची होती. बाभूळ नाही. तिथं मोबाईलचा टॉवर आहे.

बाभळीचं तुला माहीत नसेल. तुझ्या भावानं जगाला सांगितलं पण बहिणीला सांगितलं नसेल, तुझ्यापुढं तो माझी इज्जत राखायचा. काकासाहेब पोटात होता तेव्हाची गोष्ट. हा रेंजवर मजूर होता, मी रोज पायी डबा घेऊन जायचे. एके दिवशी डब्यात सात भजी होती. रस्त्यात त्या बाभळीखाली बसले आणि पाच खाल्ली. दोन ठेवली, वर भाकरी झाकली. त्याच वेळेला तिकडं टेकडीवर एका मेजरसाहेबानं गंमत म्हणून याच्या हातात दुर्बीण दिली होती, आणि या बाबानं जगातलं दुसरं काही न बघता नेमकी बाभूळ बघितली. संध्याकाळी घरी येऊन शांतपणे म्हणाला, पाच खाल्लीस. मी देवाची शपथ घेतली. तर म्हणाला, चौथ्याला ठसका लागला होता. लंके, मला खरंच वाटलं याच्या अंगात काहीतरी येतं. आठ दिवस मी त्याला घाबरून वागले, सासूबाईसुद्धा चकित झाल्या. मग त्यानं दुर्बिणीचं सांगितलं. त्या दिवसापासून त्याला दुर्बीण पाहिजे होती. बेचाळीस वर्षं म्हणत होता, रिटायर झाल्यावर घेऊ, बोअरचं झाल्यावर घेऊ, निकिताचं शिक्षण झाल्यावर घेऊ. दर संक्रांतीला तुझ्याकडं यायचा तो काही तुझ्या तिळाच्या पोळ्यांसाठी नव्हे (त्या तू जाडच करतेस), तुझ्या बांधावर बसून डोळे बारीक करून काळवीटं बघायला यायचा. आणि परत आल्यावर मला सांगायचा, लांब होती, नीट दिसली नाहीत.

मग त्याच्या वाट्याला दुर्बीण आली ती ती. तोंडातून पोटात घालतात ती. टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरला म्हणाला, साहेब, मी बाहेर बघायची मागितली होती. डॉक्टरही हसला. नंतर कागद हातात आला, त्याच्यावर चार गोल चित्रं, रंगीत. मला कागदातलं इंग्रजी कळत नाही, पण गोलातलं कळलं. लाल रानात काळी जखम. तुझा भाऊ बाकावर बसलेला, घसा धरून, मला विचारतो, काय दिसलं गं? मी म्हणाले, भजी दिसली, पाच. तो एवढा हसला की नर्स ओरडली. घरी येईपर्यंत रिक्षात हसत होता. मग हसायचा थांबला, आणि मी काही लपवलंय ते त्याला कळलं. दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. तीन महिन्यांत गेला.

आता दहाव्याच्या दिवशीच्या तुझ्या बोलण्यावर येते. दीड वर्ष झालं, तू म्हणालेलीस ते शब्द माझ्या कानात जसेच्या तसे आहेत. "वहिनी, चांगला चालता-फिरता मानूस हुता, तू दुर्बीन घातलीस अन् आत रोग उठवलास." सगळ्या भावकीसमोर म्हणालीस. मी काही बोलले नाही. माणसं म्हणाली साळूबाई गप्प बसली, मोठ्या मनाची. मोठं मन नव्हे, लंके. मी गप्प बसले कारण तू जे म्हणालीस त्यापेक्षा खरं वाईट होतं. त्याचं पोट आषाढात दुखायला लागलं. त्यानं मला सांगितलं. मी ओवा दिला. मग सोडा दिला. मग म्हणाले भजी कमी खा. असे आठ महिने मी ओवा देत बसले. डॉक्टर म्हणाला, आजी, आठ महिन्यांआधी आणायला पाहिजे होतं. दुर्बिणीनं रोग उठला नाही, दुर्बीण उशिरा घातली. तू चुकीच्या गोष्टीवरून मला शिव्या दिल्यास, म्हणून मी त्या घेतल्या. त्या मला थोड्या सोप्या होत्या. खऱ्या गोष्टीवरून दिल्या असत्यास तर मला उभं राहता आलं नसतं. आता कळलं, आता पाहिजे तर दे. पण एवढं लक्षात ठेव, आषाढात ओवा दिला तेव्हा मला खरंच वाटलं होतं की पोटात वारा धरलाय.

बस, लई झालं. पत्रात रडायची मला सवय नाही, आणि शाई फुटते. जहाजावर खायला काय मिळतं विचारलं तर निकिता म्हणते सगळं मिळतं. सगळं मिळतं म्हणजे आपल्याला लागतं ते काही नाही. म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी बांधून नेणार आहे. सुकन्येच्या बाळाला माझ्याकडून एक पापी दे, सुकन्येला देऊ नकोस. तुझ्या पाठीला शेक घेत जा, आणि पोट दुखलं तर ओवा खाऊ नकोस, सरळ डॉक्टरकडं जा. पत्राचं उत्तर नाही आलं तरी पोहोचलं असं मी समजेन.

तुझी, तुला चांगलं वाटो न वाटो,
साळूवहिनी

ता. क. गोरक्षनाथला मी जे सांगितलं नाही ते तुला सांगते. दोन गोल एका झटक्यात एक झाले त्यात माझी हुशारी काही नव्हती. माझा डावा डोळा काचबिंदूनं गेलाय. गेल्या दिवाळीपासून त्यानं उजेडसुद्धा कळत नाही. काकासाहेबाला माहीत नाही, निकितालाही नाही, नाहीतर मला पायरी उतरू देणार नाहीत. एका डोळ्यानं घार दिसली ती बसलेली होती म्हणून. मासा काही माझ्यासाठी थांबायचा नाही. उजवीकडं बघावं तर डावीकडं उडी मारेल आणि मी जन्मभर म्हणेन काही नव्हतं. मग खरं काय ते सांगायला कुणीतरी दोन डोळ्यांचं माणूस पाहिजे, आणि तुझ्याइतकी माझी चूक दाखवायची हौस दुसऱ्या कुणाला नाही.

ता. क. दुसरं. सोबत कंपनीचा फॉर्म आहे, तो फेकू नकोस. दुसरं तिकीट अजून तुझ्या भावाच्या नावावर आहे. नाव बदलून मिळतं, पण संक्रांतीच्या आत फॉर्म पोहोचला पाहिजे. वरच्या रेघेवर जुन्या माणसाचं नाव लिहायचं, म्हणजे ते काढतात. खालच्या रेघेवर नवीन माणसाचं लिहायचं आणि सही करायची. निकिता म्हणाली, आजी, वरचं मी भरून टाकते. मी तिला हात लावू दिला नाही, आजोबाचं नाव नातीच्या हातानं काढायचं नसतं. आणि मी पन्नास वर्षांत त्याचं नाव घेतलं नाही, लिहिलंही नाही, हे तुला माहीत आहे. रेशनच्या हपिसातसुद्धा मी बोटानं दाखवायचे. फॉर्म दोन दिवस माझ्यासमोर होता, पेनाचं टोपण काढून बसले होते. अक्षरं येतात. पण आयुष्यात पहिल्यांदा लिहायचं, आणि ते काढून टाकायला लिहायचं, ते माझ्यानं होईना. बहिणीला भावाचं नाव घेता येतं. वरची रेघ तू लिही. खालच्या रेघेवर काय लिहायचं ते मी सांगणार नाही, सातवी झालेल्या बाईला कळायला पाहिजे.

ता. क. तिसरं. नाही म्हणायचं असेल तर फॉर्म कोरा माघारी पाठव, मी वाईट वाटून घेणार नाही (घेईन, पण तुला कळू देणार नाही). हो म्हणायचं असेल तर संक्रांतीला मी येतेच आहे, पोळ्या पातळ कर. दुर्बीण आणते. जहाजाआधी तुझ्या बांधावर बसून काळवीटं बघू, नीट दिसतात का. पट्टा गोरक्षनाथनं मुद्दाम लांब ठेवून दिलाय, दोघींच्या माना आत मावतील. उजवी नळी माझी. डावी तुझी.